नावाची मोड

भंडाऱ्याच्या आमच्या घरमालकांना नव्या माणसाचं नाव कळलं की ते आधी खिशातून मोबाईल काढत आणि ते नाव इंटरनेटवर मोकळं आहे का ते पाहत. समोरचा हात जोडून उभा असे आणि हे चष्मा कपाळावर चढवून एका बोटानं काहीतरी टिपत असत. मग मान वर करून सांगत, "तुमचं कॉम गेलं भाऊ. पन शॉप मोकळं हाय. घ्याचं का?" समोरच्याला वाटे, यांचं डोकं फिरलंय. हा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, पण पुरता बरोबरही नव्हता.

मिहिर आणि सई, माझ्या नातवंडांनो, तुम्ही लहानपणी परदेशातून येऊन दोन उन्हाळे त्या घरात राहिला आहात. तुम्हाला तो अरुंद जिना आठवत असेल आणि जिन्याखालचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. दुपारी उन्हाची तिरीप दुकानात शिरली की जिन्याच्या भिंतीवर पिवळा उजेड हलायचा, आणि तुम्ही तो पकडायला धावायचात. दुकानात नुसत्या बंडीवर बसणारे, तुम्हाला "विलायती पाहुणे" म्हणणारे ते हेच.

मला गोष्टी क्रमानं सांगायची सवय आहे. कॉलेजात इंग्रजी शिकवताना आणि घरात डबे लावतानाही मी क्रम सोडला नाही. या माणसाच्या बाबतीत मात्र क्रम टिकत नाही. एक आठवलं की त्याच्या मागून भलतंच काही येतं. त्यांचं नावही मी इथे लिहिणार नाही. आयुष्यभर त्यांनी इतरांची नावं सांभाळली. त्यांचं स्वतःचं राहू दे मोकळं. मी त्यांना भाऊ म्हणत असे आणि ते मला म्याडम.

दुकान त्यांच्या आजोबांपासूनचं. गुंड, गंगाळं, पराती, समया. गुंड म्हणजे आपल्याकडे पाणी भरायचं पितळेचं गोल भांडं. लग्नात मुलीला तो दिल्याशिवाय कोणाचं समाधान होत नसे. विकलेल्या भांड्यावर नाव घालून देण्याचं काम भाऊ स्वतः करीत. विजेवर चालणारी मशीन बाजारात येऊन जमाना झाला होता, पण तिची घरघर त्यांना खपत नसे. "थे नाव नाही, ओरखडा हाय," असं म्हणत. ते भांडं मांडीवर घेत, बारीक छिन्नी आणि लहान हातोडी उचलत, आणि नाव पुरं होईपर्यंत कोणाशी बोलत नसत. नाव नेहमी गळ्याखाली घालायचं, पोटावर नाही. पोटाला चिंच आणि राख लागते, अक्षरं झिजतात. झालं की अक्षरांवरून अंगठा फिरवत आणि भांडं बाईच्या हातात देताना म्हणत, "पाहून घे माय, बराबर हाय ना? हे आता जाणार नाही."

वडिलांनी घालून दिलेला एक नियमही ते पाळत. जुनं, फुटकं भांडं मोडीत देऊन लोक नवं घेतात, तुम्हाला ठाऊक असेल. त्या मोडीच्या भांड्यावर नाव असलं, तर ज्या बाईचं ते भांडं तिला विचारल्याशिवाय भाऊ त्याला घण लावत नसत. नवरा घेऊन आला, मुलगा घेऊन आला, चालायचं नाही. बाईलाच विचारायचं, "मोडू का?" ती "मोडा" म्हणाली की मग काम पुढे. बाई हयात नसेल तर तिच्या मुलीला, सुनेला, नातवंडांना. एकदा एक म्हातारी केवळ एवढ्यासाठी ऑटोतून आली होती. गुडघे धरलेले, उतरवेना. ऑटोतूनच तिनं हाक दिली, "मोडा जी!" आणि ऑटो वळून गेला. भाऊंनी दुकानातून हात जोडले.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा दुकानाला फटका बसला. तिकडची माणसं कचेरीच्या कामाला भंडाऱ्याला यायची आणि जाताना लग्नाची भांडी घेऊन जायची. ती यायची थांबली. बाजारातले बाकीचे दुकानदार हळहळत बसले. भाऊंनी त्यातून वेगळंच काढलं.

"म्याडम, जिल्हा फुटला त्या साली सगळ्यात जास्त कोनं कमावलं सांगा? वकिलानं नाही, ठेकेदारानं नाही. पेंटरनं! तिकडच्या हर एक पाटीवरचं भंडारा खोडून गोंदिया लिवलं लेकाच्यानं. धंदा वस्तूत नाही, नावात हाय."

दुसरी सल शहापूरच्या रोडची. हायवेला लागून एक तुकडा त्यांना कोणीतरी फार पूर्वी देऊ केला होता. पावसात पाणी साचणारी पडीक जमीन. वडील म्हणाले, "तिथं काय बेडकं भांडे घेतील का?" पुढे तिथे प्लॉटचं लेआउट पडलं, ढाबे झाले, पेट्रोल पंप आला. त्या वाटेनं एसटीनं नागपूरला जाताना भाऊ खिडकीकडची जागा कधी घेत नसत.

म्हणून त्यांच्या मुलीनं, मोनानं, नागपूरहून कॉम्प्युटर शिकून आल्यावर इंटरनेटवरच्या नावांचा व्यवहार सांगितला तेव्हा तो त्यांना एका बैठकीत उमगला. मला तो त्यांच्याकडूनच कळला. इथे त्यांचेच शब्द देते, कारण त्याहून सोपं मला सांगता येणार नाही.

"पाहा म्याडम, नाव अन् आडनाव. डॉट कॉम हे एक आडनाव. थे म्हणजे जुना मालगुजार. सारं गाव, सारा तलाव त्याच्याच नावावर, आपल्याले तिथं बोटभर जागा नाही. आता वरच्या लोकाइनं नवे आडनावं काढले. डॉट शॉप, डॉट फार्म, डॉट वेडिंग. नवे लेआउट पडले समजा. आज तिथं रस्ता नाही का नाली नाही, म्हणून प्लॉट सस्ता. आज घेऊन ठेवाचा. उद्या तिथून हायवे गेला का ज्याले पाहिजे थो आपल्या दारात येते."

"आणि हायवे गेलाच नाही तर?" मी विचारलं.

"मंग धान लावू," ते म्हणाले.

तेव्हापासून सकाळी चहाच्या वेळी जिन्याखालून हाक येऊ लागली. त्यांना इंग्रजी शब्द हवे असत आणि माझ्याकडे शब्दकोश होता.

"म्याडम! तांदळाले राइस, थे तं गेलं. अजून काय म्हणते?"

"शेतात उभा असला तर पॅडी."

"हव. अन् शिजल्यावर?"

"शिजल्यावरही राइसच."

खाली कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. मग खऱ्याखुऱ्या कळवळ्यानं, "म्हणजे इंग्रजाइनं भाताले नावच नाही ठेवलं का बापा? इतके दिवस राज्य केलं अन् उपाशीच गेले म्हणा ना!"

तांदूळ, शिंगाडे, तलावातली मासोळी, कोसा रेशीम, पितळ, या जिल्ह्यात जे जे पिकतं आणि बनतं त्या सगळ्याला त्यांनी एकेक नवं आडनाव लावून ठेवलं. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. बोलायला कमी आणि ऐकायला पक्क्या. या उद्योगावर त्यांचं एकच म्हणणं होतं, "दिसत नाही, वाजत नाही, त्यात पानी राहत नाही. असं भांडं कोन घेईल?"

आणि खरंच कोणी घेत नव्हतं. या धंद्याची रीत मोनानं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितली होती. नाव कायमचं मिळत नाही. दर वर्षी त्याचे पैसे भरायचे, नाही भरले की ते सुटतं. नव्या आडनावांची गंमत अशी की पहिल्या वर्षी ती अगदी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षापासून भारी. भाऊंच्या भाषेत, पहिलं वर्ष चहाच्या भावात आणि दुसरं पंगतीच्या भावात. म्हणून व्यवहारी माणूस पुष्कळ नावं घेतो, त्यातलं एखादं विकतो आणि बाकीची वर्ष संपताच सोडून देतो. तांदूळ-मासोळीची नावं भाऊंनी एकेक करून सोडलीही, कुरकुरत का होईना. अडकले ते दुसऱ्याच ठिकाणी.

लग्नसराईत त्यांच्याकडे पत्रिकांचा ढीग पडे, कोपऱ्यांना हळद लावलेल्या. आपण पत्रिका घेतली की तारीख पाहतो. भाऊ नवरा-नवरीची नावं पाहत. भांडी ज्यांनी त्यांच्याकडून घेतली असतील, त्या मुलीच्या आणि जावयाच्या नावांची जोडी करायची, मागे डॉट वेडिंग लावायचं आणि ते नाव आहेर म्हणून द्यायचं असं त्यांनी सुरू केलं. मोना तिथे एक पान तयार करी. वर हार घातलेल्या जोडप्याचा फोटो, खाली भांड्यावर असतं तसंच, दुकानाचं नाव आणि "यांजकडून सप्रेम भेट". लोकांना कौतुक वाटलं. मांडवात मोबाईल या हातातून त्या हातात फिरे. सुरुवातीला त्यापायी दोन-चार गिऱ्हाइकं वाढलीही.

वर्ष संपलं तेव्हा मोना म्हणाली, "बाबा, आता हे सोडून देऊ. लग्नं तं होऊन गेली."

"सोडू म्हणजे?"

"म्हणजे पैसे भराचे नाही. नाव आपोआप जाते."

"पोरीचं अन् जावयाचं नाव जोडीनं घातलं, अन् वर्षात मिटवलं? डोकं ठिकाण्यावर हाय का तुयं?"

त्यांनी भरले. पुढच्या वर्षीही भरले. नव्या लग्नांची नावं येत गेली आणि जुनं एकही सुटलं नाही. दुकानात संध्याकाळी जे जमे ते अशा नावांत जाऊ लागलं, ज्यांच्याकडे खुद्द त्या जोडप्यांनीही लग्नानंतर वळून पाहिलं नव्हतं. वहिनींना त्या वर्षी मागच्या खोलीचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, बदलायचे होते, ते राहिले. भाऊंचं मात्र त्याहून पुढे गेलं. प्रत्येक जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते मोनाकडून त्या पानावर शुभेच्छा लिहून घेत. कोणी वाचत नाही असं मोना म्हणे. ते म्हणत, "गळ्याखालचं नाव बी कोनी रोज वाचत नाही."

अशात एक दिवस इंग्रजीत पत्र आलं, मोबाईलवर. मोना ते घेऊन वर माझ्याकडे आली आणि तिच्या मागोमाग भाऊ जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन थांबले. परदेशात राहणाऱ्या एका जोडप्याचं पत्र होतं. त्यांची नावं प्रिया आणि अमित. हिवाळ्यात लग्न. त्यांच्याच नावांच्या जोडीचं डॉट वेडिंग भाऊंकडे आहे, ते विकत द्याल का, अशी अगदी सभ्य भाषेत विचारणा. मी मराठी करून सांगितलं. शेवटी त्यांनी देऊ केलेली किंमत सांगितली तेव्हा मोना मटकन खाली बसली. त्यात कवेलूच काय, वर स्लॅब पडली असती.

भाऊंचा चेहरा मला अजून दिसतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या दारात आलं होतं. लेआउटजवळून हायवे गेला होता.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "म्या म्हटलं होतं." मग दोन पायऱ्या खाली उतरले आणि थांबले. "पन थे तं पवनीच्या प्रियाचं हाय. दिलेलं हाय. त्याइले लिवा म्याडम, मोकळं नाही म्हणून."

"बाबा!" मोना ओरडली. "ती पवनीची प्रिया कधीची घरी परत आली! सारं तुटलं तिचं!"

"म्हणूनच," भाऊ म्हणाले आणि खाली निघून गेले.

मी नकाराचं पत्र लिहिलं नाही. थोडे दिवस थांबावं असं मला वाटलं.

प्रियाचे वडील पवनीचे, कापडाचं छोटं दुकान असलेले. मुलीच्या लग्नाची सगळी भांडी त्यांनी भाऊंकडून घेतली होती. पत्र आल्यावर आठवडाभरानं ते स्वतःच आले. मी तेव्हा दुकानात होते, समईची डुगडुगणारी बैठक नीट करून घ्यायला. ते एसटीतून उतरून थेट आलेले दिसत होते. हातात मोठी कापडी पिशवी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"भाऊ, थे काढून टाका."

"काय जी?"

"मोबाईलमधलं. पोरीचं अन् त्या पोट्ट्याचं."

"थो तं आहेर हाय माझा."

"कायचा आहेर? पोरगी घरी येऊन दोन वर्षं झाले. कोर्टाचे कागद झाले. आता साकोलीचे पाहुणे आले हायत, पोरगा शिक्षक हाय, आम्ही त्याइले सारं खरं सांगून ठेवलं. अन् त्याच्या बहिणीनं मोबाईलमधी काय पाहावं? लग्नाच्या चौथ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! थे म्हणून राहिले, तुमचं पक्कं तुटलं का अजून पोरगी वाट पाहून राहिली? रविवारी त्याइचं उत्तर येनार हाय. काय सांगू मी?"

भाऊ मांडीवरच्या परातीकडे पाहत राहिले. "नाव घातलेलं मी मोडत नाही," ते हळूच म्हणाले.

"काहून?"

"तुटलेलं जुळतेही. उद्या थो पोट्टा परत आला, अन् त्याले दिसलं का नाव बी काढून टाकलं..."

"थो नाही येत. अन् आला तं मी त्याले दारात उभा करत नाही." वडिलांनी आवाज न चढवता पिशवीत हात घातला. त्यांनी एक गुंड बाहेर काढला आणि गादीवर ठेवला. गळ्याखाली दोन्ही नावं होती, भाऊंच्या हातची. "तुम्हाले नावाची एवढी माया हाय ना? मंग हेही सांभाळा." आणि ते चहा न घेता गेले.

ती दुपारभर भाऊंनी दुकानात काम केलं नाही. गुंड समोर ठेवून बसले. गिऱ्हाईक आलं तरी मोनानंच पाहिलं. संध्याकाळी वहिनी दिवा लावायला आल्या. मी समई परत न्यायला पुन्हा खाली आले होते. वहिनींनी गुंडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मोडीत आला का?"

"हव. बापानं आणून दिला."

"बापानं?" वहिनींनी काडी विझवली. "तुमचे बाबा तं बापाले विचारत नव्हते कधी. ज्या बाईचं भांडं तिले विचारत होते. तुम्ही पोरीले विचारलं का?"

भाऊंनी गुंडाच्या गळ्याखालच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"फोटो लावताना नाही विचारलं, शुभेच्छा लिवताना नाही विचारलं, अन् आता मोडत नाही म्हणताना बी नाही. भांडं कोनाचं हाय मंग? तुमचं का तिचं?" एवढं बोलून त्या आत गेल्या. दारातून पुन्हा डोकावल्या. "म्याडम, उद्या हे पवनीले जातील. तुम्ही जा यांच्या संग. एकटं सोडलं तं तिथून अजून दहा नावं घेऊन येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. पवनीच्या वाटेवर शहापूर नाही, म्हणून भाऊ खिडकीशी बसले. टॉवेलात गुंडाळलेला गुंड मांडीवर.

"बाबाजी, याचं हाफ तिकीट लावू का?" कंडक्टरनं विचारलं.

"लाव ना," भाऊ म्हणाले. "पन परत येताना हा नसन."

दुतर्फा धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, मधूनच एखादं तळं. भाऊ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. जवळ वाकून ऐकलं तर ते बोलायची तयारी करत होते.

प्रियानं वडिलांच्या दुकानाशेजारच्या ओसरीत शिलाई मशीन मांडली होती. खडूनं आखलेली ब्लाउजची कापडं, दोरीवर लटकलेले तयार ब्लाउज, भिंतीशी कोशाच्या साड्यांची चवड. तिचे वडील दुकानातून उठून आले, आम्हाला पाहून दारातच थांबले. भाऊंनी त्यांना नमस्कार केला, पण त्यांच्याशी बोलले नाहीत. पायरीवर उभं राहून टॉवेल सोडला आणि गुंड दोन्ही हातांत धरला. वाटभर तयार केलेलं सगळं विसरले असावेत.

"माय," ते म्हणाले, "तुले विचाराचं राहून गेलं. मोडू का?"

प्रियानं मशीन थांबवली. आधी गुंडाकडे पाहिलं, मग भाऊंकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं गळू दिलं नाही.

"बरं झालं काका, विचारलं कोनीतरी. लग्नात देताना मामाले विचारून दिलं, परत आणताना बाबाले विचारून आणलं, वकील बी बाबाइशीच बोलला. मोडा."

भाऊंनी मान हलवली. मला वाटतं, त्यांचा तिथून तसंच परत फिरायचा विचार होता. पण हिशेबानं ती गोष्ट तिची होती, म्हणून मी परदेशातल्या पत्राचं सांगितलं. नाव सुटलं तर दुसरं कोणी ते घेईल, आणि घेणारं आज तयार आहे, हेही सांगितलं.

"मंग विका ना काका!"

"दुसऱ्याचं नाव घातलेलं भांडं मी नवं म्हणून विकत नाही माय."

"पन त्याइचं बी नाव तेच हाय ना? प्रिया अन् अमित? मंग त्याइले तं काही खोडाचं कामच नाही!" ती हसली, वडिलांनी चमकून तिच्याकडे पाहिलं, फार दिवसांनी ऐकल्यासारखं. "अन् मोड कोनी फुकट देते का? तुमच्या दुकानात मी गुंड आणला असता तं तुम्ही भाव लावला असता का नाही?"

"लावला असता."

"मंग लावा. अन् त्या भावात मले नवं द्या."

"नवं काय देऊ?"

"नाव. माझं एकटीचं. मागं शॉप लावून. ब्लाउज अन् कोसा विकाचा हाय मले." तिनं भाऊंकडे रोखून पाहिलं. "अन् फोटो नोको. शुभेच्छा तं बिलकुलच नोको."

भाऊंनी गुंड पायरीवर ठेवला. खिशातून मोबाईल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटानं टिपू लागले. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत उभे होतो. त्यांना वेळ लागला. बोट दोनदा चुकलं.

"मोकळं हाय," ते म्हणाले.

त्याच दुपारी मोनानं ते पान उतरवलं. परदेशातल्या प्रिया-अमितला मी होकाराचं पत्र लिहिलं आणि भाऊंच्या सांगण्यावरून खाली एक ओळ जोडली, की नाव आधी वापरलेलं आहे पण स्वच्छ आहे. नावांच्या धंद्यातली भाऊंची ती एकमेव विक्री. त्यातला मोठा भाग पवनीला गेला आणि थोडा मागच्या खोलीच्या कवेलूंना. स्लॅब काही पडली नाही. वहिनींनी त्यावर काही म्हटलं नाही, यावरून त्या खूश होत्या असं मी समजते.

रविवारी साकोलीकरांचा होकार आला. प्रियानं उत्तराला आठ दिवस घेतले. "आता मले विचारा," असं घरात म्हणाली म्हणे. मग त्या शिक्षकाला दोनदा भेटली, आणि हो म्हणाली. त्या लग्नात भाऊंनी तिला एक नवा गुंड दिला. गळ्याखाली एकच नाव होतं, आणि पुढे बरीच जागा मोकळी सोडलेली होती.

त्यानंतर भाऊंनी नवं काही घेतलं नाही. पण असलेली नावंही मुकाट्यानं सोडली नाहीत. एखाद्या नावाचं वर्ष संपत आलं की ते त्या मुलीला फोन लावत. तुमसर, लाखनी, मोहाडी, कुठे कुठे. पलीकडे पोरं रडत असत, कुकरच्या शिट्ट्या होत असत. हे सांगत, "मी भंडाऱ्याचा भांडेवाला. तुयं नाव हाय माझ्याकडे. मोडू का?" बहुतेकींना आधी समजत नसे. समजलं की हसत आणि म्हणत, "मोडा काका." मग माहेरची, सासरची विचारपूस होई. एकीनं विचारलं, ठेवलं तर चालेल का? त्यांनी दुसऱ्या दिवशीच पैसे भरले.

आता आमचं सांगते. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा भाऊंनी आम्हालाही एक नाव दिलं होतं. तुमच्या आजोबांचं आणि माझं, जोडून. वेडिंग लावायला त्यांना संकोच वाटला असावा. "तुमचं लग्न आता जुनं झालं," म्हणाले आणि मागे डॉट हाउस लावलं. मोनानं जिन्यात आमचा फोटो काढला. एकच काढला, त्यात आजोबांचे डोळे मिटलेले आहेत. आजोबा म्हणाले, असू दे, मी असाच दिसतो.

आजोबा गेले त्या वर्षी भाऊ जिना चढून वर आले. एरवी ते खालूनच हाक मारत. दारात चपला काढून उभे राहिले, आत आले नाहीत. मग म्हणाले, "म्याडम, तुमचं वर्ष भरत आलं. मोडू का?"

मी म्हटलं, "राहू द्या भाऊ."

"हव," ते म्हणाले, आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले.

भाऊ जाऊनही आता बरेच दिवस झाले. मी नागपूरला आले. दुकान मोना चालवते आणि नावं घालायची मशीन तिनं अजून घेतलेली नाही. दर वर्षी तिचा फोन येतो. आधी तब्येत विचारते, मग जरा थांबते आणि म्हणते, "काकू, बाबा विचारत होते तसं विचारते. मोडू का?" मी दर वर्षी तेच उत्तर देते.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच. माझ्यानंतर मोना तुम्हा दोघांना फोन करील, कारण बाई हयात नसली तर त्यांच्या दुकानात तिच्या नातवंडांना विचारतात. अनोळखी आवाज तुम्हाला मराठीतून विचारील, मोडू का? गोंधळू नका. आधी ते पान एकदा उघडून पाहा. आजोबांचे डोळे मिटलेले आहेत तेच आमचं. मग काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालेल.

फक्त मोड फुकट देऊ नका.